माळ्यावरचे खोके

1984 साली दिवाळीच्या आधी बाबा ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेले आणि रात्री डोंबिवलीच्या घरी परतले ते खांद्याला लटकवलेली एक जड पिशवी घेऊन. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन आठ इंची वूफर आणि दोन ट्वीटर होते. दादरला गाडी बदलताना वूफरच्या पडद्याला कुणाचं कोपर लागू नये म्हणून पिशवी पोटाशी धरून आणली, हे त्यांनी आम्हाला पुढे अनेकदा ऐकवलं. त्याच रस्त्यावरच्या मिनर्व्हात त्यांनी ‘शोले’ 70 एमएममध्ये, सहा ट्रॅकच्या आवाजात पाहिला होता. नाणं उडवल्यावर ते मागच्या रांगेत पडलं असं वाटून लोक खुर्चीखाली डोकावायचे, असं ते सांगत. ते नाणं घरात पडावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

तयार कंपनीचे स्पीकर परवडणारे नव्हते. खोके सुताराने केले. पाऊण इंची प्लायवूड, वरून सागाचं व्हिनिअर, पुढे मरून कापड, आत कापूस. बाबांनी मागे भोक ठेवू दिलं नाही. पूर्ण बंद खोका हवा, असा त्यांचा हट्ट होता. हट्टाला आधार होता. अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी 1954 मध्ये असाच हवाबंद खोका बाजारात आणला होता, ज्यात कोंडलेली हवाच पडद्याला स्प्रिंगसारखी मागे ओढते. त्यामुळे लहान खोक्यातूनही खर्ज निघतो. बाबांना व्हिलचर हे नाव माहीत असेल असं वाटत नाही. टेलिफोन खात्यातल्या त्यांच्या मित्राने सांगितलं आणि त्यांनी ते मानलं.

अॅम्प्लिफायर होता जेमतेम 15-15 वॅटचा, आणि तरी आवाज जिन्यापर्यंत जायचा. याचं गणित मला फार उशिरा कळलं. स्पीकर एक वॅटमध्ये एक मीटरवर किती डेसिबल आवाज देतो, यावर सगळं असतं. मोठ्या खोक्यातला, हलक्या कागदी पडद्याचा जुना वूफर सहज 90 डेसिबल द्यायचा. आजचे हाताच्या ओंजळीत मावणारे स्पीकर 84-85 वर थांबतात. दर तीन डेसिबलला वॅट दुप्पट लागतात, म्हणजे तेवढाच आवाज काढायला नव्या इवल्या स्पीकरला तिप्पट-चौपट ताकद हवी. आकाराला पर्याय नाही, हे दिवाणखान्याच्या सजावटीपुढे आपण सगळेच विसरलो.

नाण्याचा प्रयोग त्याच मित्राने केला. जुन्या रेडिओतला एक स्पीकर काढून त्याच्या दोन तारा त्याने अॅम्प्लिफायरच्या डाव्या आणि उजव्या लाल टोकांना जोडल्या. जमिनीच्या, म्हणजे काळ्या टोकाला काहीच नाही. डेव्हिड हॅफ्लर या अमेरिकन माणसाच्या नावाने ही जोडणी ओळखली जाते. दोन्ही बाजूंना सारखं असेल ते तिथे शून्य होतं आणि फक्त फरक वाजतो. गाणाऱ्याचा आवाज गायब, मागे उरतात टाळ्या, सभागृहाची घुमक, व्हायोलिनची एखादी कड. डॉल्बीने 1982 मध्ये घरांसाठी जे सराउंड आणलं त्याचं मूळही याच वजाबाकीत, वर थोडा विलंब मिसळलेला. (आजच्या अॅम्प्लिफायरवर हे करून पाहू नये. अनेकांची काळी टोकं आतून जमिनीला जोडलेली नसतात, धूर निघेल.) आमच्याकडे पलंगामागे ठेवलेल्या त्या स्पीकरमधून लाइव्ह कार्यक्रमाच्या कॅसेटमधल्या टाळ्या आल्या तेव्हा आई दार उघडायला उठली होती.

मग रंगीत टीव्ही आला, केबल आली, आणि खोक्यांचे दिवस फिरले. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना ते ठेवले की पडद्याच्या कडा हिरव्या-जांभळ्या व्हायच्या. वूफरच्या चुंबकाने पिक्चर ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा झोत वाकतो. टीव्हीसोबत वापरायचे स्पीकर म्हणून वेगळे, चुंबक झाकलेले मिळत. आमचे तसे नव्हते. टीव्ही की गाणी, असा प्रश्न आल्यावर कोण जिंकणार हे उघड होतं. 1995 च्या सुमारास खोके माळ्यावर गेले, जुन्या चादरीत.

त्यानंतरच्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. व्हीसीडी आली, तिच्यात दोनच चॅनेल. डीव्हीडी आली, तिच्यात खरेखुरे सहा. 2004 मध्ये मी पहिल्या पगारवाढीतून पाच छोट्या डब्या आणि एक सबवूफर असा संच आणला, ज्याच्या खोक्यावर पीएमपीओ म्हणून चार आकडी वॅट छापले होते. पीएमपीओ हा आकडा क्षणभराच्या, कागदावरच्या ताकदीचा. मागे लावलेला अॅडॉप्टर पाहिला तर त्यातून साठ वॅटसुद्धा जाणार नाहीत हे शाळकरी मुलालाही कळावं. मला कळलं नाही. स्फोट छान व्हायचे. माणसं मात्र डब्यात बसून बोलायची. बाबांनी दोन दिवस ऐकलं आणि म्हणाले, “मागचं नाणं पडतंय रे, पण समोर कुणी उभंच नाही.”

चपटा टीव्ही आला तेव्हा पिक्चर ट्यूब गेली आणि तिच्याबरोबर चुंबकाचं भांडणही मिटलं. पण ते लक्षात यायला मला 2020 ची टाळेबंदी लागली. बाबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. माळा आवरताना खोके खाली आले. कापड काढलं तर पडद्याच्या कडेचा फोम बोटाला चिकटला, गुळाच्या काकवीसारखा. हा फोम दमट हवेत आपोआप विरघळतो, वापरा किंवा न वापरा. कोकणपट्टीत तो टिकला असता तरच नवल. रबराची किंवा कापडाची कड असती तर काही झालं नसतं. पडदा आणि कॉइल शाबूत होते.

बाजार उघडल्यावर स्टेशनजवळच्या स्पीकर दुरुस्तीवाल्याने कड बदलून दिली. तो एरवी गणपती मंडळांचे जळालेले स्पीकर करतो, घरगुती वूफर पाहून जरा हसला. मी स्वतः ट्वीटरच्या वाटेवरचे दोन कपॅसिटर बदलले. जुने इलेक्ट्रोलायटिक पस्तीस वर्षांत आतून सुकतात, वरचे सूर मळकट होतात. वूफरवर 8 ओहम छापलेलं होतं, म्हणजे टीव्हीसाठी घेतलेल्या नव्या रिसीव्हरला, म्हणजे अनेक चॅनेलच्या अॅम्प्लिफायरला, ओझं नव्हतं. डावा-उजवा म्हणून हे, मागे 2004 च्या संचातल्या दोन डब्या, कानाच्या रेषेच्या थोडं मागे. मागच्या डब्यांना काम हलकं असतं, तिथे त्या शोभल्या. 80 हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे वळवलं, आणि बंद खोका असल्यामुळे तो सांधा कुठे ऐकूच येईना.

रिसीव्हरसोबत एक छोटा मायक्रोफोन येतो. तो बसायच्या जागी ठेवला की यंत्र स्वतःच प्रत्येक स्पीकरला शिट्टीसारखे आवाज काढायला लावतं आणि अंतरं, पातळ्या मोजतं. आमच्या उजव्या खोक्यापाशी ते अडलं. पडद्यावर आलं, फेज उलटी. ही सूचना कधीकधी भिंतीच्या पडसादामुळे खोटीही येते, म्हणून मी जुना उपाय केला. दीड व्होल्टचा सेल घेतला, धन टोक लाल तारेला, क्षणभर टेकवला. डावा वूफर पुढे आला. उजवा आत गेला.

खोका उघडला. आतल्या तारा उलट डाग दिलेल्या होत्या. 1984 पासून एक पडदा हवा ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता, आणि खर्ज मधल्यामध्ये एकमेकांना खात होता. “हॉल लहान आहे, बास मावत नाही,” असं बाबा अकरा वर्षं म्हणत राहिले. डाग त्यांच्याच हातचा होता, टिनचा तो जाडा ओघळ मी ओळखला. तारा बदलल्या आणि एक जुनं मोनो गाणं लावलं. गाणारी टीव्हीच्या बरोबर मध्ये, जमिनीपासून चार फुटांवर उभी राहिली. तिथे स्पीकर नव्हता. मी ते गाणं तीनदा ऐकलं, चौथ्यांदा लावलं नाही.

राहिला मधला स्पीकर. माझं मत असं की समोरची जोडी चांगली असेल तर मध्ये भलताच स्पीकर घालू नये. सेटिंगमध्ये ‘सेंटर नाही’ सांगितलं की संवाद दोन्हीकडे वाटले जातात आणि मधोमध उमटतात. मी 2004 ची पाचवी डबी लावून पाहिली होती. नायक डावीकडून चालत मध्ये आला की त्याला पडसं व्हायचं, उजवीकडे गेला की बरं. काढून टाकली. ‘सैराट’ लावला. त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला, आणि त्या व्हायोलिनांना आमच्या प्लायवूडमध्ये प्रथमच ऐसपैस जागा मिळाली.

पण मधोमधचा आवाज मधोमध बसणाऱ्यालाच ऐकू येतो. आईची खुर्ची चाळीस वर्षं गॅलरीच्या दाराशी आहे, डाव्या खोक्याला लागून. ज्या बाजूचा आवाज कानावर आधी पोचतो तिकडूनच बोलणं आल्यासारखं वाटतं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “ही बाई कपाटातून का बोलते?” खोक्यामागे खरंच कपाट आहे. खुर्ची सरकवायचं मी एकदाच सुचवलं.

शेवटी त्या पडशाच्या डबीला मी परत टीव्हीखाली बसवलं. रिमोटवर दोन बटणं ठरवली, एक सेंटरसह, एक सेंटरशिवाय. पहिल्यावर आईने स्वतः हळदीकुंकवाच्या पुडीतली लाल टिकली चिकटवली आहे. मी रात्री दुसरं दाबून झोपलो, तर सकाळी बातम्या लावताना ती आधी टिकली शोधते.