फजिती, हसू आणि आभार
(शिरपूर जैन येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या गावाचं नाव सांगताना आपण नुसतं 'शिरपूर' म्हणून थांबत नाही. 'शिरपूर जैन' म्हणतो, आणि वर 'तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम' हेही जोडतो. कारण एक शिरपूर धुळे जिल्ह्यात आहे. आणि मालेगाव म्हटलं की ऐकणारा थेट नाशिक जिल्ह्यात जाऊन पोचतो. (हशा) म्हणजे बाहेरच्या माणसाची फजिती व्हायची पुरेपूर सोय आपल्या पत्त्यातच आहे.

आता समजा, एखादा पाहुणा लग्नाला म्हणून निघाला आणि भलत्याच मालेगावात उतरला. त्या वेळी त्याला हसू येईल का? नाही. तो चिडेल, घामाघूम होईल, पत्रिका छापणाऱ्याचा उद्धार करेल. पण दोन वर्षांनी तोच पाहुणा दुसऱ्या कुठल्यातरी लग्नाच्या पंगतीत ही गोष्ट रंगवून सांगेल, आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसेल. तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच, अक्षता हुकल्या त्या हुकल्याच. मग हसू आलं कुठून?

अमेरिकेतले दोन संशोधक, पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरन, यांनी 2010 साली याचं एक साधं उत्तर मांडलं. त्यांचं म्हणणं असं, की एखादी गोष्ट चुकलेली, बिघडलेली दिसते आणि त्याच वेळी 'यात धोका काही नाही' असंही जाणवतं, तेव्हा आपल्याला हसू येतं. दोन्ही पाहिजे. सगळं सुरळीत असेल तर हसण्यासारखं काही नाही, आणि खरोखरच धोका असेल तर हसणं सुचतच नाही. पाहुणा हसू शकतो, कारण तो शेवटी घरी सुखरूप पोचला.

म्हणूनच फजिती आणि आपत्ती यांच्यात फरक केला पाहिजे. पंगत बसली आणि लाईट गेली, ही फजिती. कापून ठेवलेली सोयाबीनची सुडी अवकाळी पावसात भिजली, ही फजिती नव्हे. शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या म्हणून 2006 साली केंद्र सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्या सहांत आपला वाशीम होता. अशा जिल्ह्यात उभं राहून 'हसा आणि आनंदी राहा' असं सरसकट सांगणं बरोबर नाही. ज्याचं पीक गेलं त्याला विनोद सांगायचा नसतो. त्याच्याजवळ बसायचं असतं, पंचनाम्याला त्याच्याबरोबर उभं राहायचं असतं.

मग फजितीवर बोलायचं तरी कशाला? एवढ्यासाठी, की छोट्या गोष्टी बोलायची सवय असेल तर मोठी गोष्ट बोलायला तोंड उघडतं. 'आज माझी कशी फजिती झाली' हे पारावर सांगणारा माणूस उद्या 'भाऊ, माझं काही खरं नाही' हेही सांगू शकतो. ज्याला साधी फजितीसुद्धा लपवावी लागते, त्याच्या मोठ्या दुःखाचा पत्ता कुणाला लागणार?

स्वतःची फजिती सांगायची परंपरा आपल्या वऱ्हाडाला नवी नाही. मराठी विनोदाचे जनक म्हणतात ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. जन्म 1871, नागपूरचा. वकिली केली ती खामगाव, जळगाव जामोद अशा आपल्याच भागात. त्यांच्या 'सुदाम्याचे पोहे'मध्ये सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे तिघे समाजातल्या वेडगळ रूढींमध्ये स्वतःच अडकतात, स्वतःच तोंडघशी पडतात. कोल्हटकरांना त्या रूढींवर टीकाच करायची होती. पण 'तुम्ही मूर्ख आहात' असं म्हटलं की वाचक पुस्तक मिटतो. 'बघा आमची काय गत झाली' म्हटलं की तो हसत हसत पुढे वाचतो, आणि मग हळूच त्याच्या लक्षात येतं की अरे, हे तर आपल्याच घरचं आहे.

आता हसायचा हक्क कुणाचा? तुकोबांची उसाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. कुणीतरी त्यांना उसाची मोळी दिली. वाटेत पोरं भेटली, त्यांना एकेक देत देत घरी आले तेव्हा हातात एकच ऊस उरला. आवलीचा संताप झाला. तिने तोच ऊस त्यांच्या पाठीत घातला आणि तो मोडला. तुकोबा हसले. म्हणाले, बरं झालं, वाटणी करायचं माझं काम तूच केलंस.

ही गोष्ट सांगताना आपण आवलीला कजाग ठरवतो आणि मोकळे होतो. पण तिच्या बाजूने बघा. घरात लेकरं, चूल रिकामी, दुष्काळाने व्यापार बुडालेला, आणि नवरा ऊस वाटत येतो. तिचा राग खोटा नव्हता. तुकोबांचं हसू शोभतं, कारण ऊस त्यांच्याच पाठीवर मोडला होता आणि त्यांनी तिच्या रागाची टिंगल केली नाही. शेजाऱ्याने खिडकीतून बघून हसला असता, तर तोच विनोद हलका झाला असता. घरात सुनेच्या हातून भांडं पडलं तर आधी तिला हसू द्या, मग आपण हसा. (हशा)

राहिली कृतज्ञता. इथेही गल्लत होते. भलत्या गावात उतरल्याबद्दल कुणी देवाचे आभार मानावेत, असं मी म्हणत नाही. पण त्या पाहुण्याची गोष्ट पूर्ण ऐका. 'मग त्या चहावाल्याने मला फोन लावून दिला', 'मग कंडक्टरने बरोबर गाडीत बसवून दिलं', असं वाक्य त्यात कुठेतरी येतंच. फजितीच्या गोष्टीत मदतीला धावलेला एक माणूस बहुतेक वेळा असतो. चिडलेले असताना तो आपल्याला दिसत नाही, गोष्ट सांगायला बसलो की दिसतो. आभार त्याचे मानायचे.

याचीही थोडी तपासणी झाली आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो यांनी 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाने आठवड्यातून एकदा आभार मानण्याजोग्या गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी लिहायच्या, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. दहा आठवड्यांनी आभार लिहिणाऱ्यांना आपलं आयुष्य इतरांच्या मानाने बरं वाटत होतं. लक्षात घ्या, त्यांच्या कटकटी संपल्या नव्हत्या. त्यांची नजर फक्त आणखी एका ठिकाणी जायला लागली होती.

आपल्या गावाला तर याची वेगळी ओळख करून द्यायला नको. इथे अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला देशभरातून माणसं येतात. जैन समाजात वर्षातून एकदा पर्युषण काळात 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून कळत-नकळत झालेल्या चुकांची क्षमा मागतात. रोजच्या धक्काबुक्कीचा हिशोब मिटवण्याची किती शहाणी रीत आहे ही! त्याच धर्तीवर आभारांचाही हिशोब मिटवता येईल.

तर आज घरी गेल्यावर जेवताना एक करून बघा. या आठवड्यातली आपली एक फजिती घरच्यांना सांगा. दुसऱ्याची नाही, आपली. आणि त्यात कोण मदतीला आलं ते नावासकट सांगा. तो माणूस उद्या रस्त्यात भेटला तर थांबून म्हणा, 'भाऊ, त्या दिवशी तुम्ही होते म्हणून बरं झालं.' आणि सांगता सांगता घरातलं कुणी गप्प राहिलं, हसलं नाही, तर त्याला हसवायच्या भानगडीत पडू नका. ताट सरकवून विचारा, 'काय झालं बापा?' आणि मग आपण बोलणं थांबवून ऐका.

एवढं बोलून मी थांबतो.