जहाज थांबत नाही: कोचीतला एक शुक्रवार

आमच्या बीडला समुद्र नाही. बिंदुसरेला पाणी आलं तरी आम्ही पुलावर बघायला जातो, एवढीच आमची पाण्याची हौस. लहानपणी समुद्र मला माहीत होता तो दादीच्या तोंडून. माझे दादा मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. त्यांना सोडायला गेलेली मंडळी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरली होती. निघण्यापूर्वी दादांनी सगळ्यांकडून कहा-सुना माफ करून घेतलं. जहाजाने गेलेला माणूस परत येईलच याचा भरवसा तेव्हा कुणी धरत नसे. १९९५ नंतर भारतातून हजला जहाजाने जाणं बंद झालं आणि आमच्या घरातून समुद्राची गोष्टच संपली.

ती पुन्हा सुरू झाली गेल्या हिवाळ्यात. आम्ही चौघी डी.एड.पासूनच्या मैत्रिणी. मी बीडची, बाकीच्या अंबाजोगाई, परळी आणि माजलगावच्या. चौघीही जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून निवृत्त झालेल्या. मुंबईहून कोचीला जाणाऱ्या जहाजाची सहल करायची, असं परळीवालीने काढलं. हसण्यावारी नेलेली गोष्ट हळूहळू खरी झाली.

अडचण होती ती माजलगाववालीची. दोन वर्षांपूर्वी तिचे मियाँ गेले. तेव्हापासून ती बाजारालाही एकटी जात नव्हती. घरातले पैसे, बँक, तिकिटं सगळं त्यांच्याकडे असायचं. आता ते मुलाकडे आलं होतं. पुण्याचा तो मुलगा चांगला आहे, आईची काळजी घेतो. पण फोनवर तो मला म्हणाला, "खाला, जहाजावर ठीक आहे. पण अनोळखी गावात चार बायका एकट्या? कंपनीच्या बसमधूनच फिरा हं." मी हो म्हटलं.

जहाजावर गेल्यावर बसच्या सहलीचे माणशी दर पाहिले आणि आमचं ठरलं, की कोची आपली आपण पाहायची. तेवढ्या पैशात चौघींचं रिक्षा, जेवण आणि खरेदी आरामात होणार होतं. शिवाय बसमध्ये गाइड सांगेल तिथे उतरायचं आणि शिट्टी वाजली की चढायचं. आयुष्यभर आपणच मुलांच्या सहली अशा हाकल्या होत्या!

मात्र बसच्या सहलीचा एक फायदा खरा असतो. जहाजाने स्वतः नेलेल्या लोकांना उशीर झाला तर जहाज सहसा त्यांच्यासाठी थांबतं. स्वतःच्या जबाबदारीवर फिरणाऱ्यांसाठी थांबत नाही. मग पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठायचं. आम्हाला परतायची शेवटची वेळ दुपारी तीनची दिली होती.

हे वाचताना मला इब्न बतूता आठवला. मुहम्मद तुघलकाने त्याला चीनला वकील म्हणून पाठवलं होतं. त्या वाटेवर तो आपल्या दौलताबादला येऊन गेला. पुढे १३४२च्या सुमारास तो याच केरळच्या किनाऱ्यावर, कोळिकोडला होता. सामान आणि सोबतची माणसं जहाजांवर चढली होती. तो स्वतः जुम्याच्या नमाजसाठी किनाऱ्यावर राहिला. रात्री समुद्र खवळला. भेटवस्तूंनी भरलेलं मोठं जहाज फुटलं आणि ज्यावर त्याचं सामान व माणसं होती, ते दुसरं जहाज त्याला मागे टाकून निघून गेलं. मी ही गोष्ट रात्री मैत्रिणींना सांगितली आणि आम्ही खूप हसलो. उद्या शुक्रवारच होता.

सकाळी जहाज विलिंग्डन बेटाला लागलं. हे बेट निसर्गाने केलेलं नाही. विसाव्या शतकात रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज इंजिनिअरने बंदर खोल करण्यासाठी गाळ उपसला आणि त्या गाळाच्या भरावावर हे बेट उभं राहिलं. कोचीचं बंदरही मुळात एका पुराची देणगी मानतात. १३४१ साली पेरियार नदीला मोठा पूर आला, मुझिरिस हे जुनं बंदर गाळाने भरलं आणि कोचीपाशी समुद्राचं तोंड मोकळं झालं. म्हणजे इब्न बतूता या किनाऱ्यावर आला, तेव्हा हे बंदर नुकतंच जन्मलं होतं.

गेटबाहेर रिक्षा ठरवली. माजलगाववाली मागे कडेला बसून बाहेर बघत होती. काही बोलत नव्हती. मला वाटलं, हिला करमत नाही.

फोर्ट कोचीला पहिल्यांदा सेंट फ्रान्सिस चर्च पाहिलं. वास्को द गामा १५२४ साली कोचीत वारला, तेव्हा त्याला इथेच पुरलं होतं. पुढे त्याची हाडं पोर्तुगालला नेली. आत छताला दोरीने ओढायचे जुने कापडी पंखे अजून टांगलेले आहेत. तिथून किनाऱ्यावर चिनी जाळी पाहिली. मोठ्या लाकडी तराफ्याला जाळं टांगलेलं आणि दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले दगड. चार-पाच माणसं दोर ओढतात की जाळं पाण्यातून वर येतं. आमच्याकडच्या मोटेची आठवण झाली. तीच युक्ती, तोच घाम. त्या खेपेला जाळ्यात मूठभर मासळी आली.

साडेदहाला मट्टनचेरीला पोहोचलो आणि माझी पहिली चूक कळली. पोर्तुगीजांनी १५५५ साली कोचीच्या राजाला बांधून दिलेला राजवाडा शुक्रवारी बंद असतो. शेजारचं १५६८चं यहुदी प्रार्थनास्थळ शुक्रवार आणि शनिवार, दोन्ही दिवस बंद. चार महिने आधी यादी केली होती, पण वार पाहिला नव्हता. अंबाजोगाईवाली गुडघा धरून पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाई, तुझ्या वर्गातली मुलं पास कशी झाली गं?"

मग आम्ही यादी पिशवीत टाकली आणि नुसत्या चाललो. खरं कोची तिथून पुढे दिसलं. बाजार रस्त्याला मसाल्याची जुनी गोदामं आहेत. सुंठ, मिरी, वेलदोडा यांच्या वासाने नाक भरून गेलं. या एका मिरीसाठी अरब आले, पोर्तुगीज आले, डच आले, इंग्रज आले. कोच्चंगाडीतली चेंबिट्टा पल्ली ही जुनी मशीद आम्ही बाहेरून पाहिली. 'चेंबू' म्हणजे तांबं. छताला तांब्याचे पत्रे म्हणून हे नाव. केरळच्या जुन्या मशिदींना आपल्यासारखे घुमट नसतात. उतरती छपरं आणि लाकडावरचं कोरीव काम असतं. इथला पाऊस पाहिला की त्याचं कारण कळतं.

मट्टनचेरीची वस्ती पाहून तर मन भरून येतं. कच्छी मेमन, गुजराती, जैन, कोकणी बोलणारे सारस्वत, तमिळ, सगळे काही पिढ्यांपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर राहतात. आणि आपले दख्खनीही! आम्ही बिर्याणी खाऊन बाहेर पडलो, तर मागून आवाज आला, "कां से आए जी?" एक म्हातारी आजी दारात उभी होती. घरात तिची दख्खनी बोली आमच्या दादीसारखीच होती. परळीवालीला तर माहेर भेटलं. त्या दोघी बोलत राहिल्या आणि आम्ही तिघी समोरच्या दुकानात मिरी घ्यायला शिरलो.

बाहेर आलो तर परळीवाली नाही. आजीही नाही. फोन लावला, तो माझ्याच पिशवीत वाजला. फोटो काढायला मी घेतला होता. हरवलो तर कुठे भेटायचं, हे ठरवलं नव्हतं. एवढी वर्षं सहलीला निघताना मुलांना पहिलं वाक्य हेच सांगत आले होते.

तेवढ्यात जुम्याची नमाज सुटली. अरुंद गल्ली माणसांनी आणि स्कूटरांनी भरून गेली. सव्वा वाजला, दीड वाजला. मला घाम फुटला. डोळ्यांसमोर इब्न बतूता. आदल्या रात्री हसलो होतो, आता हसू येत नव्हतं. मी या टोकाला धावले की त्या टोकाला, असं झालं. तेव्हा माजलगाववाली शांतपणे म्हणाली, "तू हलू नकोस. तिला आपण इथेच दिसलो होतो, ती इथेच येईल. मी घरं विचारते."

दोन वर्षं बाजाराला एकटी न गेलेली ती बाई अनोळखी गल्लीत एकेक दार वाजवत गेली. चौथ्या की पाचव्या दाराशी परळीवालीची चप्पल दिसली. आत ती चहा पीत बसली होती. तिला वाटलं होतं, आम्ही तिला जाताना पाहिलं. मी रागावणार, तोच आजीने जानमाज अंथरली. म्हणाली, "मुसाफिर हो, दो रकात पढ के जाव." आम्ही वुझू केला. पाच मिनिटांत जुहर झाली आणि रागही उतरला.

आता दोन वाजून गेले होते आणि गल्लीत एकही रिक्षा हलत नव्हती. मी हात करत उभी. माजलगाववाली म्हणाली, "इथे नाही मिळायची. सकाळी येताना मोठ्या रस्त्यावर, पुलाच्या अलीकडे रिक्षा स्टँड होता. चालत दहा मिनिटं." सकाळी ती न करमून बाहेर बघत नव्हती, वाट लक्षात ठेवत होती. अंबाजोगाईवालीला दोघींनी आधार दिला आणि आम्ही चाललो. स्टँड तिथेच होता. भाडंही तिनेच ठरवलं, सकाळच्यापेक्षा वीस रुपये कमी! तीनला वीस मिनिटं असताना आम्ही गेटवर कार्ड दाखवत होतो.

आमच्या अनुभवातून सांगते. बंदरात स्वतः फिरायचं असेल तर जरूर फिरा, फक्त काही गोष्टी आधी करा. आपण पोहोचतो त्या वारी काय बंद असतं ते पाहा. जहाजाचं कार्ड, आधार आणि औषधं अंगावर ठेवा. बंदरातल्या एजंटचा फोन नंबर कागदावर लिहून प्रत्येकीकडे द्या. परदेशात जहाजाचं घड्याळ आणि गावाचं घड्याळ वेगळं असू शकतं, जहाजाचं धरा. लांबची ठिकाणं आधी पाहा आणि दुपारनंतर बंदराकडे सरकत या. शेवटच्या वेळेच्या दीड तास आधी परतीला लागा. प्रत्येक ठिकाणी उतरताच हरवलो तर भेटायची जागा ठरवा. जेवणाचं म्हणाल, तर जहाजावर मांस हलाल आहे का हे बुकिंग करतानाच विचारा. आम्ही मासळी आणि भाजीवर राहिलो. आणि चौघींपैकी प्रत्येकीला वाट माहीत असू द्या. एकीच्या डोक्यावर सगळी सहल टाकू नका. मी तेच केलं होतं. फरक एवढाच की ते डोकं माझं होतं आणि ते चाललं नाही.

संध्याकाळी जहाज सुटलं तेव्हा आम्ही डेकवर होतो. चिनी जाळी लांबून कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसत होती. माजलगाववालीच्या मुलाचा फोन आला. तिने तो आमच्यासाठी मोठ्या आवाजावर ठेवला.

"अम्मी, कोची पाहिलं का? बसने गेलात ना?"

"नाही रे. रिक्षाने. थोडं पायी."

तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "मग परत कुणी आणलं?"

ती आमच्याकडे बघून हसली. दोन वर्षांत मी तिचं तसं हसणं पाहिलं नव्हतं. म्हणाली, "मीच आणलं, बेटा. आणि ऐक, माझं एटीएम कार्ड तुझ्याकडे आहे ना, ते येताना घेऊन ये."