काय पावणं, कुठलं म्हणायचं?

रहिमतपूरच्या एस.टी. स्टँडवर उतरून बाकावर जरा टेकावं, तर शेजारचा पटकेवाला म्हातारा विचारणारच, "काय पावणं, कुठलं म्हणायचं?" ओळख ना देख, आणि माणूस एकदम पाहुणा! शहरात अनोळखी माणसाला हाक मारताना 'अहो, शुक् शुक्' यापलीकडे आपल्याला काही सुचत नाही. इथं तो प्रश्न कधीच सुटलेला आहे.

कोरेगाव तालुक्यातल्या या गावाच्या नावातच 'रहमत' आहे. रहमत म्हणजे दया, कृपा. अरबी-फारसी शब्द या मातीत असे रुजले, की परके वाटेनासे झाले. "गुदस्ता पाऊस बरा हुता, आवंदा न्हाय," असं म्हणणाऱ्या आजीबाईच्या गावीही नसतं, की तिच्या तोंडचा 'गुदस्ता' हा फारसीतला 'गुजश्ता', म्हणजे सरलेला. 'फकस्त'ही तसाच, अरबी 'फकत'चा सातारी अवतार.

पण या बोलीचा खरा ऐवज आहे तो रानातला. लावणीसाठी राखलेला ऊस म्हणजे बेणं; पण "लई बेरकी बेणं हाय" म्हटलं, की एखाद्याच्या सात पिढ्यांचा हिशेब होतो. जित्राब म्हणजे गुरंढोरं. घरातलं उनाड कार्टंही जित्राबच. कंडका म्हणजे तुकडा. वर्षानुवर्षं लोंबकळलेलं बांधाचं भांडण एकदाचं मिटवायचं, तर त्याचा 'कंडका पाडायचा'. शिवी, लाड आणि न्यायनिवाडा, सगळं एकाच शिवारात पिकलेलं.

असाच एक शब्द मला पुण्यात महाग पडला. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात सरांनी गावाकडची खबर विचारली. मी उभा राहून सांगितलं, "औंदा पेरण्या घात साधून झाल्या." "कुणाचा घात केलात?" सरांनी विचारलं आणि वर्ग हसला. त्यांचा 'तो घात' आणि आमची 'ती घात' यांतला फरक सांगायला माझी जीभ उचलली नाही. पुढं वर्षभर मी वर्गात तोंडच उघडलं नाही.

खरं तर ग्रंथांनी या बोलीला केव्हाच पाट मांडला आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' १९४९ची, अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' १९५९ची. अलीकडे, २०१७ मध्ये, 'लागिरं झालं जी' या मालिकेनं सातारी बोली घरोघर नेली. आणि प्रमाण मराठीशी आमचं वैर तरी कुठं आहे? 'रायगडाला जेव्हा जाग येते' लिहिणारे वसंत कानेटकर जन्मले ते रहिमतपुरातच!

तिकडं दूर अर्जेंटिनात, ब्युनॉस आयर्सच्या गल्लीबोळांतली 'लुनफार्दो' ही स्पॅनिश बोली एके काळी उनाडांची, गुन्हेगारांची म्हणून हिणवली जाई. इटलीहून आलेल्या कष्टकऱ्यांचे शब्द तिच्यात मिसळले, टँगोच्या गाण्यांनी ती जगभर नेली आणि १९६२ मध्ये तिच्या अभ्यासासाठी चक्क एक अकादमी निघाली.

आपल्याकडं मात्र पोरगं 'न्हाय' म्हणालं, की आईच दटावते, "नाही म्हण, नाही!" शाळेत 'नाही' म्हणावंच; पण घरातून 'न्हाय' गेलं, की आजीशी बोलायची वाटच बुजते. त्यातून मोट गेली, बैल कमी झाले, ट्रॅक्टर आला. वस्तू गेली की शब्दही तिच्या मागोमाग निघतो.

गेल्या पावसाळ्यात नातवानं विचारलं, "आजोबा, घात म्हणजे काय?" त्याला बांधावर नेलं. मूठभर माती उचलून दाबायला लावली. ढेकळाचा गोळा झाला. तो खाली टाकला, तर अलगद फुटला.

"चिखल न्हाय, फुफाटा न्हाय. ही घात. आता पेरायचं."

त्यानं पुन्हा मूठ भरली आणि स्वतःशीच म्हणाला, "घात आलीय."

मनात म्हटलं, सर, ऐकताय ना?