मेकअप रूममधला दुसरा प्रयोग: लोला हेरेरा आणि 'मारियोसोबत पाच तास'

नेहमीप्रमाणे हे भागाचं लेखी रूप. बोलताना आलेले "म्हणजे", "अॅक्चुअली" शक्य तितके उडवलेत, काही राहिले असतील तर चालवून घ्या.

आजची आपली नटी आहे लोला हेरेरा. स्पेनच्या बाहेर तिचं नाव घेतलं तर बहुतेकांना काहीच आठवत नाही. 'उन पासो अदेलांते' ही डान्स अकादमीवरची स्पॅनिश सिरीज कुणी पाहिली असेल तर तिथली कडक संचालिका कार्मेन आरांस आठवेल. 2002 ते 2005 मध्ये चाललेली ही मालिका फ्रान्समध्येही तुफान गाजली. पण त्या मालिकेतल्या पोरापोरींना ती बाई कोण आहे हे पक्कं माहीत असणार, कारण तोवर स्पेनमध्ये तिचं नाव एका वेगळ्याच कार्मेनशी कायमचं जोडलं गेलं होतं. आजचा भाग त्या दुसऱ्या कार्मेनचा.

सुरुवातीचा भाग पटकन उरकतो. जन्म 1935, गाव वायादोलिद. सुरुवात रेडिओवर, मग माद्रिद, मग नाटकं, थोडे सिनेमे आणि सरकारी टीव्हीवर 'एस्तुदियो उनो'. हा कार्यक्रम म्हणजे अख्खी नाटकं टीव्हीसाठी करून दाखवायची, आणि तेव्हा घराघरांत दिसणारे चेहरे तिथूनच यायचे. 1960 मध्ये तिने दानिएल दिसेंता या नटाशी लग्न केलं. नाटकवाल्यांचं खानदान, आजोबा नाटककार, वडील नट. दोन मुलं झाली आणि 1967 च्या सुमारास दोघं वेगळे झाले. वेगळे झाले म्हणतोय, घटस्फोट झाला नाही म्हणतोय. का, ते पुढे येईल.

आता ती दुसरी कार्मेन. मिगेल देलिबेस हा लेखकही वायादोलिदचाच. 1966 मध्ये त्याची 'सिंको ओरास कोन मारियो', म्हणजे 'मारियोसोबत पाच तास' ही कादंबरी आली. गोष्ट एका ओळीत सांगता येते: नवरा मेलाय, भेटायला आलेले लोक निघून गेलेत, आणि बायको कार्मेन रात्रभर प्रेताशेजारी बसून त्याच्याशी बोलते. हातात त्याचं बायबल, त्याने खुणा करून ठेवलेल्या ओळी. एक ओळ वाचायची आणि त्यावरून नवऱ्याला झापायचं. पैसे कमावले नाहीस, वर्तमानपत्रात नसते लेख लिहिलेस, आणि एक साधी सेआत 600 घेऊन दिली नाहीस! ही गाडी पुन्हा पुन्हा येते. त्या काळात स्पेनच्या मध्यमवर्गाचं स्वप्न म्हणजे ही चिमुकली कार.

वाचताना आधी कार्मेनचा राग येतो. कोती, सनातनी, फ्रँकोच्या राजवटीला मनापासून मानणारी. मारियो उदारमतवादी. देलिबेसने आधी मारियोला जिवंत ठेवून लिहायला घेतलं होतं, पण त्याचे विचार सेन्सॉरकडून सुटणार नाहीत म्हणून त्याला मारून टाकलं आणि सगळं त्याच्या विरोधक बायकोच्या तोंडून वदवलं. मला ही युक्ती भन्नाट वाटते. मारियोचे विचार शिव्यांच्या रूपात वाचकापर्यंत पोचतात आणि सेन्सॉरला हात लावायला जागा राहत नाही. पण या युक्तीचा एक साइड इफेक्ट असा, की पानामागून पान बोलत राहिल्यावर कार्मेनच खरी माणूस होते. या बाईचं तिच्या हयातीत कुणी ऐकूनच घेतलेलं नाही, हे हळूहळू लक्षात येतं.

नोव्हेंबर 1979 मध्ये माद्रिदच्या तेआत्रो मार्किनामध्ये याचं नाटक आलं. दिग्दर्शक होसेफिना मोलिना, ही स्पेनच्या सरकारी फिल्म स्कूलमधून दिग्दर्शनाची पदवी घेणारी पहिली बाई. रंगमंचावर काळ्या कपड्यांतली लोला, जवळपास दीड तास, जवळजवळ एकटीच. तारीख लक्षात ठेवा. फ्रँको जाऊन चार वर्षं झालेली. 1975 पर्यंत लग्न झालेल्या बाईला नोकरी धरायला किंवा बँकेत खातं उघडायलाही नवऱ्याची परवानगी लागत असे. व्यभिचार हा गुन्हा 1978 मध्ये कायद्यातून गेला. घटस्फोट मात्र अजूनही नव्हता. म्हणजे समोर बसलेल्या प्रेक्षकांतल्या कित्येक बायका तो संसार तेव्हाही जगत होत्या.

आणि रंगमंचावरचीसुद्धा. रोज रात्री एका मेलेल्या नवऱ्याला जाब विचारायचा आणि घरी आल्यावर स्वतःच्या जिवंत नवऱ्याशी मात्र सगळं अर्धवट सोडलेलं. एका प्रयोगात लोलाला रंगमंचावरच भोवळ आली. त्याच्या मागे नुसता थकवा नाही, हे तिच्या आणि मोलिनाच्या लक्षात आलं, आणि त्यातून 1981 चा सिनेमा उभा राहिला. 'फुन्सियोन दे नोचे', म्हणजे रात्रीचा प्रयोग.

याला डॉक्युमेंटरी म्हणायचं की नाही यावर वाद होतात, मला त्यात फार रस नाही. मांडणी अशी: नाटकाच्या दोन प्रयोगांच्या मधल्या वेळात दानिएल लोलाच्या मेकअप रूममध्ये येतो. दोघं बोलायला लागतात. कॅमेरे आरशांमागे लपवलेले. संवाद लिहिलेले नाहीत. नवराबायको आपापल्या खऱ्या नावाने, आपल्या खऱ्या लग्नाबद्दल बोलतायत. मध्येमध्ये नाटकातले तुकडे, त्यांची खरी मुलं, आणि चर्चकडून लग्न रद्दबातल ठरवून घ्यायची खटपट. कायद्याने घटस्फोट नसताना लग्नातून पूर्ण सुटायचा तोच एक मार्ग होता.

त्या खोलीत लोला त्याला सांगते की इतक्या वर्षांत शरीरसुख तिला त्याच्याकडून कधी मिळालंच नाही, ती नाटक करत आली. स्पॅनिश पडद्यावर हे कुणी कुणाला असं तोंडावर सांगितलेलं नव्हतं. पण मला विचाराल तर त्याहून जड वाटतं ते त्याच्या आजूबाजूचं बोलणं. बाई म्हणून कसं वागायचं, काय सोसायचं, हे जे तिला शिकवलं गेलं त्यात आपण फसवलो गेलो, असं ती म्हणते. फसवणारा एकटा दानिएल नाही, हे तिलाही कळतं. त्याच्यावर चिडताना ती मध्येच थांबते, कारण त्याचीही शिकवणी त्याच शाळेत झालेली.

दानिएलला इथे श्रेय द्यायलाच हवं. ही खोली त्याच्यासाठी सापळाच होती, आणि कॅमेरे आहेत हे त्यालाही ठाऊक होतं. तरी तो बसून राहतो. कधी उडवाउडवी करतो, कधी हसण्यावारी नेतो, पण उठून जात नाही. मेलेल्या मारियोला उत्तर द्यायची सोय नव्हती, आणि याला आहे तर याच्याकडेही फारशी उत्तरं नाहीत.

हे असं खासगी आयुष्य पडद्यावर मांडणं योग्य की अयोग्य? भाग रेकॉर्ड करताना आमच्यात यावर बरीच झकाझकी झाली. मुलांना यात आणायला नको होतं, असं माझं अजूनही मत आहे. पण लोलाचा वापर झाला असं मात्र वाटत नाही. ही गोष्ट तिची होती आणि बोलायची गरजही तिचीच होती.

1981 च्या जुलैमध्ये स्पेनमध्ये घटस्फोटाचा कायदा आला. सिनेमा त्याच वर्षीचा. एकामुळे दुसरं झालं असं अजिबात नाही, पण दोन्ही एकाच वादळातून आले.

पुढे काय? पुढे ती काम करत राहिली. टीव्ही मालिका, नाटकं, एका नाटकात तर मुलगी नातालिया दिसेंता आई-मुलीच्या जोडीत तिच्याबरोबर. आणि अधूनमधून पुन्हा पुन्हा कार्मेन. 2010 मध्ये मोलिनाने हे नाटक नव्याने बसवलं तेव्हा कार्मेन केली नातालिया मियान हिने. 'उन पासो अदेलांते' पाहिलेल्यांनी आता कान टवकारा: ही मियान म्हणजे त्याच अकादमीतली डान्स टीचर आदेला! संचालिकेची भूमिका टीचरकडे गेली म्हणायची.

पण ती तिथेच राहिली नाही. वयाची ऐंशी ओलांडल्यावर लोलाने कार्मेन परत आपल्याकडे घेतली आणि गावोगाव दौरे केले. कादंबरीतली कार्मेन चाळिशीतली, ही तिच्या दुप्पट वयाची, आणि थिएटरं भरत होती. संहिता तीच. फक्त 1979 मध्ये सेआत 600 चं नाव निघालं की प्रेक्षकांना आपलीच हौस आठवायची, आता समोर बसलेल्या पोरींना ती आजीची गोष्ट वाटते.

सिनेमा पाहायचा असेल तर आधी कादंबरीची गोष्ट माहीत असू द्या, नाहीतर मधले नाटकाचे तुकडे डोक्यावरून जातील. आणि सबटायटल्स नीट तपासून घ्या, दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात तेव्हा बरंच काही निसटतं.