छपराचा उतार: मोजणी व हिशेब

कोंकणांतील वडिलोपार्जित घराचें छप्पर नवें करावयाचें ठरलें, म्हणजे मुंबई-पुण्यास राहणारा मालक दूरध्वनीवरून प्रथम कौलांचा भाव विचारतो, मग लांकडाचा, आणि शेवटीं मजुरीचा. उतार किती ठेवावयाचा याची चौकशी तो बहुधा करीत नाहीं. ती सुताराची बाब, अशी त्याची समजूत असते. वास्तविक वासे किती लांब लागतील, कौलें किती आणावीं आणि आषाढांत ओटीवर पातेलीं मांडावीं लागतील कीं नाहीं, हें सर्व त्या एका आंकड्यावर अवलंबून असतें. तो आंकडा समजण्यास शाळेंत शिकलेल्या गणितापलीकडे कांहींही लागत नाहीं.

उतार म्हणजे दोन लांबींचें प्रमाण. वळचणीकडून आढ्याकडे अमुक अंतर आडवें गेलें असतां छप्पर उभें किती चढतें, एवढेंच त्यांत पाहावयाचें असतें. आडव्या दोन हातांस एक हात चढ असेल, तर उतार दोनास एक. हाच उतार शेकड्यांत सांगितला तर ५०, आणि अंशांत सुमारें साडेसव्वीस. शेकडा १०० उतार म्हणजे उभी भिंत, अशी पुष्कळ सुशिक्षितांचीही कल्पना असते. तो असतो अवघा ४५ अंशांचा, कारण तेथें आडवें व उभें अंतर सारखें असतें. शिवाय अंश दुप्पट केले म्हणून चढ दुप्पट होत नाहीं. १५ अंशांस दर शंभरीं चढ २७, ३० अंशांस ५८, आणि ६० अंशांस १७३. म्हणून सुताराशीं बोलतांना अंशांची भाषा सोडून प्रमाणाची भाषा धरणें बरें.

परंतु प्रमाणाच्या भाषेंतही एक खड्डा आहे, आणि घरें गळूं लागतात तीं बहुधा त्यांत पडून. दोन समोरासमोरच्या भिंतींमधील अंतरास गाळा म्हणतात. आढें गाळ्याच्या मध्यावर असतें. ‘पाव ठेवा,’ असें कोणी सांगितलें, तर तो पाव पुऱ्या गाळ्याचा कीं अर्ध्या गाळ्याचा? गाळा ८ मीटर धरूं. पुऱ्या गाळ्याचा पाव म्हणजे आढें भिंतीच्या माथ्यापासून २ मीटर उंच. ४ मीटर आडव्यास २ मीटर चढ, म्हणजे दोनास एक. मंगळूरी कौलांस हा चालतो. अर्ध्या गाळ्याचा पाव घेतला, तर आढें केवळ १ मीटर उंच आणि उतार चारास एक, म्हणजे १४ अंश. एका शब्दाच्या दोन अर्थांनीं उतार निम्मा झाला.

आतां यांतील मौज अशी कीं लांकडाच्या यादींत ही चूक दिसत नाहीं. वाशाची लांबी भुज, कोटि व कर्ण यांच्या न्यायानें निघते. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’ंत हा न्याय आहे, आणि त्यांच्या कित्येक शतकें आधीं शुल्बसूत्रकारांसही तो ठाऊक होता. ४ व २ यांच्या वर्गांची बेरीज २०. तिचें मूळ ४.४७ मीटर. ४ व १ यांच्या वर्गांची बेरीज १७. तिचें मूळ ४.१२ मीटर. म्हणजे उतार निम्म्यावर आला तरी वासा जेमतेम ३५ सेंटिमीटरांनीं आंखूड होतो. वखारींतील माणसास, गाडीवानास किंवा मालकास त्यांत वावगें असें कांहींच वाटत नाहीं. समजतें तें पहिल्या वादळी पावसांत.

तें कां समजतें, याचाही ढोबळ हिशेब मांडतां येतो. वरचें कौल खालच्या कौलावर समजा साडेसात सेंटिमीटर चढलेलें आहे. वाऱ्यानें आंत रेटलेल्या पाण्यास त्या सांध्यांतून आंत यावयाचें, तर तेवढें अंतर वर चढावें लागतें. दोनास एक उतारावर या चढाची उभी उंची सुमारें ३.३ सेंटिमीटर भरते, चारास एकवर १.८. ताशीं ७२ किलोमीटर वेगाचा वारा अडला असतां जो दाब पडतो, तो जवळजवळ अडीच सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतका असतो. पहिल्या छपरावर हें पाणी सांध्यांत अडकून राहील, दुसऱ्यावर तें वाशांवर उतरेल. कौलांच्या खांचा व ओठ यांचा विचार येथें मुद्दाम सोडला आहे; त्यांनीं आंकडे थोडे बदलतील, निष्कर्ष बदलत नाहीं. ३ जून २०२० रोजीं रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग वादळांत वारा ताशीं शंभर किलोमीटरांच्या वर होता. तेथें सांध्यांची गोष्टच राहिली नाहीं, कौलेंच उडालीं. असल्या प्रसंगास उतार पुरा पडत नाहीं, कौलें तारेनें रिपांस बांधावीं लागतात.

आणखी एक बारीक गोष्ट. कौलाचा उतार हा वाशाच्या उतारापेक्षां नेहमीं थोडा कमीच असतो, कारण प्रत्येक कौलाचें खालचें टोंक दुसऱ्या कौलाच्या पाठीवर टेकलेलें असतें. चाळीस सेंटिमीटर लांबीचें कौल टोंकाशीं दोन सेंटिमीटर उचललें गेलें, तर तीन अंश तेथेंच गेले. काठावरचा उतार ठेवणाऱ्यानें एवढी सूट आधींच धरावी. मंगळुरास बाझल मिशनच्या लोकांनीं १८६५ सालीं कौलांचा कारखाना काढला. त्या खांचेच्या कौलांपूर्वीं कोंकणांत सर्वत्र हातानें थापलेलीं नळीचीं कौलें असत. तीं नुसतीं एकमेकांवर ठेवलेलीं असल्यामुळें त्यांस उतारही जास्त लागे आणि दर उन्हाळ्यांत शाकारणीही. जुन्या घरांचीं पाखीं इतकीं उभीं कां, याचें एक उत्तर हें आहे. दुसरें उत्तर पावसाचें. रत्नागिरीस वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, पुण्यास सातशेंच्या आसपास. सोलापूर-मराठवाड्याकडे तर माळवदाची जवळजवळ सपाट घरें उभीं राहूं शकलीं.

उभें असलेलें छप्पर मोजावयाचें, तर कौलांवर चढण्याचें कारण नाहीं; माळ्यावर जावें. एक मीटर लांबीची सरळ पट्टी घेऊन तिचें एक टोंक वाशाच्या खालच्या अंगास लावावें, आणि दुसरें आढ्याच्या दिशेस धरून पट्टी पाणसळीनें अगदीं आडवी करावी. मग त्या दुसऱ्या टोंकापासून वाशापर्यंतची उभी उंची ओळंब्याच्या रेषेंत मोजावी. ती ५० सेंटिमीटर भरली, तर उतार दोनास एक. पाणसळ नसेल तर गवंडी वापरतात ती पाण्यानें भरलेली पारदर्शक नळी पुरते. दोन्ही टोंकांशीं पाणी एका पातळींत राहतें. हल्लीं खिशांतील दूरध्वनीही अंश दाखवितो. पण वासा जुना व वांकलेला असेल तर एका जागच्या अंशांवर विसंबूं नये, तीन-चार जागीं मोजून मध्यम काढावा.

कौलांच्या मोजणींत सर्वांत मोठी चूक उताराची नसून वळचणीची असते. भिंतींच्या मापानें घर ८ मीटर रुंद व १० मीटर लांब, म्हणजे ८० चौरस मीटर. चारी बाजूंस एकेक मीटर वळचण बाहेर काढली कीं तेंच १० गुणिले १२, म्हणजे १२० होतें, पुरें दीडपट. या जमिनीवरील क्षेत्रास वाशाची लांबी भागिले आडवें अंतर या गुणकानें गुणावें. दोनास एक उतारास गुणक १.११८; म्हणून छप्पर १३४ चौरस मीटर. मंगळूरी कौलें चौरस मीटरास सुमारें १५ धरलीं, तर दोन हजारांच्या थोडीं वर, आणि फुटीसाठीं वेगळीं. चारास तीन उतार ठेवला, तर गुणक सव्वा, छप्पर १५० चौरस मीटर आणि कौलें २,२५०. घर दुपाखी आहे कीं चौपाखी, यानें या आंकड्यांत फरक पडत नाहीं, हें ऐकून कित्येकांस नवल वाटतें. सर्व पाख्यांचा उतार सारखा असला म्हणजे जमिनीवरील प्रत्येक चौरस मीटरावर तेवढेंच छप्पर असतें, मग तें कोणत्याही दिशेस उतरो. चौपाखीला फक्त कोपऱ्यांशीं कापावीं लागणारीं कौलें जास्त.

वळचण जितकी बाहेर काढावी तितकी ती खालीं येते, हेंही आधीं पाहावें. भिंत ३ मीटर उंच आणि उतार चारास तीन असला, तर एक मीटर बाहेर गेलेल्या वळचणीची कड सव्वादोन मीटरांवर येते. ओटीवर उजेड कमी पडतो, पण भिंत ओली होत नाहीं. कोंकणच्या मातीच्या भिंतींनीं हा सौदा पिढ्यान्‌पिढ्या पत्करला.

पाण्याचा हिशेब मात्र उलट आहे. सरळ पडणारा पाऊस छप्पर किती उभें आहे हें पाहत नाहीं. जमिनीवरील क्षेत्रच पाहतो. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. वरील १२० चौरस मीटरांच्या छपरावर तो पडता, तर १ लाख १३ हजार लिटर पाणी वळचणींवरून खालीं आलें असतें, उतार कितीही असो. तेव्हां पन्हळ बसवावयाची तर तिचा आकार या क्षेत्रावरून ठरवावा, आणि तिलाही दर मीटरास सुमारें पांच मिलिमीटर उतार देण्यास विसरूं नये. पन्हळ अगदीं सपाट बसविली तर तींत पानें सांचतात आणि पाणी मागें वाशांच्या टोंकांकडे फिरतें.