मंगफ कुठे आहे?

१२ जून २०२४ ची संध्याकाळ. कचेरीतून परतलो तेव्हा शेजारच्या काकी आमच्या पडवीत बसून होत्या. त्यांचा मुलगा कुवेतला एसी दुरुस्तीचे काम करतो. दुपारपासून टीव्हीवर एकच ओळ फिरत होती : कुवेतमध्ये कामगारांच्या इमारतीला आग, मृतांत भारतीय. मुलाचा फोन लागत नव्हता. "भाऊ, तुका इंग्रजी वाचूक येता. आमचो बाबू त्या बिल्डिंगीत नाय मां, तेवढा बघ," एवढेच त्या बोलल्या.

वाहिनीवर मृतांचा आकडा बदलत होता, पण आग नेमकी कुठे लागली ते कोणी सांगेना. कुवेत म्हणजे काय एखादी वाडी आहे? मोबाईलवर 'कुवेत टाइम्स' उघडला. हे तिथले इंग्रजी दैनिक १९६१ पासून निघते. तिथे ठिकाण मिळाले : मंगफ. मग नकाशा काढला. मंगफ राजधानीच्या बरेच दक्षिणेला; काकींचा मुलगा राहतो सालमियाला, शहराला लागून. बोट ठेवून दोन्ही गावे दाखवली, तेव्हा कुठे काकींनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. रात्री दहाला मुलाचा फोन आला. दिवसभर कामावर होता, चार्जिंग संपले होते.

पण ज्यांची माणसे मंगफलाच होती, त्या घरांचे काय? मृतांत ४५ भारतीय निघाले, त्यांतले निम्म्याच्या आसपास केरळचे. १४ जूनला हवाई दलाचे विमान ते मृतदेह घेऊन कोचीला उतरले. कोणाचे घर अर्धे बांधून राहिले, कोण सुट्टीवर यायचा होता, हे जाणून घ्यायचे तर मल्याळम वर्तमानपत्रांकडेच जावे लागते. 'मातृभूमी', 'मनोरमा' यांची पाने मोबाईल मराठीत करून देतो. भाषांतर कधी कधी हसू येईल असे असते, आणि नावांची तर पार मोडतोड होते. ती दुसरीकडे पडताळूनच घ्यावीत. आम्हा कारकुनांना ही सवय असते. झेरॉक्स पुढे आली की मूळ प्रत मागायची.

आगीचे कारणही तिथल्याच बातम्यांतून कळले. तळमजल्यावरच्या पहारेकऱ्याच्या खोलीत विजेचा बिघाड झाला होता. एका इमारतीत दीडशेहून अधिक कामगार, खोल्यांत चटकन पेट घेणाऱ्या साहित्याचे आडोसे. बहुतेक जण भाजून नव्हे, धुराने गुदमरून गेले.

मात्र तिथले पत्र म्हणजे पूर्ण सत्य, असेही समजू नये. कुवेतच्या अमिरांनी १० मे २०२४ रोजी, म्हणजे आगीच्या महिनाभर आधीच, तिथली संसद बरखास्त केली होती. अशा देशातले दैनिक घरमालकाच्या लोभावर लिहील, राजसत्तेवर किती लिहील? म्हणून कुवेतचे पत्र इमारतीसाठी वाचावे, आणि माणसांसाठी केरळचे.

उलटा अनुभव आपण मालवणकरांनी त्याच वर्षी घेतला. २६ ऑगस्टला राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. जेमतेम नऊ महिन्यांपूर्वी, ४ डिसेंबर २०२३ ला त्याचे अनावरण झाले होते. मुंबईहून आमच्या मेव्हण्याचा फोन : "सिंधुदुर्ग किल्ला पडला काय?" राजकोट किनाऱ्यावर आणि सिंधुदुर्ग समुद्रात, हे समजावता समजावता दहा मिनिटे गेली. चार-पाचशे किलोमीटरवर ही गत, तर कुवेतबद्दल आपले काय होत असेल!

बाबासाहेबांनी १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांप्रति काय केले' या ग्रंथात हीच तक्रार मांडली आहे. परदेशी माणसाला काँग्रेस म्हणजेच भारत वाटते, कारण अस्पृश्यांची बाजू सांगणारे वृत्तपत्र त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आज आपल्या हातातल्या फोनवर दूरच्या गावचे पत्र उघडते. आपल्या घरात तो फोन बहुतेक वेळ रील्स बघण्यात जातो, ही गोष्ट वेगळी.

काकींना इंग्रजी येत नाही. पण नातीला बसवून त्या आता आठवड्यातून एकदा कुवेतच्या बातम्या वाचून घेतात. आणि मुलाचा फोन आला की जेवणाच्या आधी विचारतात, "खोलीत किती जण आसात? जिन्याचो दरवाजो उघडो असता मां?" पहिल्यांदा तो हसला होता. दुसऱ्या खेपेला त्याने जिन्यात जाऊन फोटो काढून पाठवला. वरच्या दाराला कुलूप होते. पुढच्या शुक्रवारी चौघांनी मिळून मालकाकडून त्याची किल्ली मागून घेतली.