बोटं झडत नाहीत, आतलं हाड झिजतं



“तिची बोटं झडली” असं आपण सहज बोलून जातो. पण बोट काही पिकल्या पानासारखं गळून पडत नाही. टोकाचं हाड आतल्या आत झिजत जातं, म्हणून बोट आखूड होतं. गेलेलं हाड सहसा परत येत नाही. कॅल्शियमच्या गोळ्या खाऊनही नाही. म्हणून आधीच्या खुणा ओळखायला हव्यात.

कुष्ठरोग : यातले जंतू नसांना इजा करतात आणि बोटं बधीर होतात. मग तव्याचा चटका, विळ्याचा काप काहीच कळत नाही. जखम चिघळते, हाडापर्यंत पोचते आणि हाड झिजतं. पहिली खूण म्हणजे अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, ज्याला हात लावलेला कळत नाही. सरकारी दवाखान्यात औषध मोफत आहे, ६ किंवा १२ महिने घ्यायचं. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत लागण पसरायची थांबते. मग ताट-तांब्या वेगळा कशाला?

स्क्लेरोडर्मा : गार पाण्यात हात घातला की बोटं पांढरी, मग निळी पडतात. पुढे कातडी ताठ, चकचकीत होते. बोटांच्या टोकाला रक्त कमी पोचतं, तिथे जखमा होतात, हाड झिजतं. हा आजार बायकांना जास्त होतो आणि तो एकीकडून दुसरीला लागत नाही.

सोरायसिसचा संधिवात : नखांवर बारीक खड्डे, बोटांचे सांधे सुजलेले, अंगावर खवले.

पॅराथायरॉइड : गळ्यातल्या या बारीक ग्रंथींनी जास्त रस सोडला, तर हाडातलं कॅल्शियम रक्तात ओढलं जातं. मूत्रपिंडाचा जुना आजार असला तरी असं होऊ शकतं.

कारखान्यातलं काम : पीव्हीसी तयार करणाऱ्या कारखान्यांत टाक्या आतून साफ करणाऱ्या कामगारांना व्हिनाइल क्लोराइड वायूमुळे हा त्रास झाल्याचं १९६० च्या दशकात दिसून आलं. घरातला पाइप वापरून हे होत नाही, घाबरू नका.

आपण काय करायचं?

पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की पाच मिनिटं द्या. एकीने डोळे मिटायचे, दुसरीने तिच्या बोटांना आणि चट्ट्याला कापूस हलकेच लावायचा. कळलं नाही, तर आशाताईंना सांगा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. बोट आखूड वाटत असेल तर डॉक्टरांना एक्स-रेबद्दल विचारा. बधीर हाताने चुलीवरचं भांडं उचलू नका, सांडशी किंवा जाड फडकं घ्या. रोज रात्री हात उजेडात नीट बघा.

आणि एक सांगते ताई, लाजेपोटी चट्टा पदराआड ठेवू नका. चट्टा दुखत नाही म्हणून आपण गप्प बसतो, आणि तेवढ्यात बोट जातं.